'पोचले की फोन करते': फ्रेंचमधला फ्युत्यूर आँतेरियर, मराठीच्या वाटेने

ल्यों शहरात महिनाभराचा उन्हाळी वर्ग होता आणि एका बाईंच्या घरी राहायचं ठरलं होतं. निघायच्या चार दिवस आधी मी त्यांना फ्रेंचमध्ये चार ओळींची मेल पाठवली. शेवटची ओळ मनात मराठीत तयारच होती: 'पोचले की फोन करते.' ती मी जशीच्या तशी उतरवली: 'काँ ज्य स्वी झारीव्हे, ज्य व्हू झापेल.' संध्याकाळी बाईंचाच फोन आला. आवाजात काळजी होती. तुम्ही कुठे उतरला आहात, स्टेशनवर घ्यायला येऊ का, असं त्या विचारत होत्या. मी तर पुण्यात, अर्धवट भरलेल्या बॅगेपुढे बसले होते.

घोळ लक्षात आल्यावर त्यांनी माझं वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून दुरुस्त करून सांगितलं: 'काँ ज्य सरे आरीव्हे, ज्य व्हू झापेलरे.' त्यातलं 'सरे आरीव्हे' म्हणजेच फ्युत्यूर आँतेरियर, आपल्या व्याकरणातला पूर्ण भविष्यकाळ.

'ज्य स्वी झारीव्हे' म्हणजे 'मी पोचले', पोचून झालं. 'पोचले की' मधलं 'पोचले' हे रूपही भूतकाळाचंच आहे, पण ऐकताना आपल्यापैकी कुणालाच ते भूतकाळाचं वाटत नाही. फ्रेंच माणसाला मात्र वाटतं. इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकणाऱ्यांचीही इथे फसगत होते, कारण इंग्रजीतही 'व्हेन आय हॅव अराइव्ह्ड' असंच म्हणतात, भविष्याचं रूप वापरत नाहीत. म्हणून हा काळ इंग्रजीकडून वळसा न घेता थेट मराठीतून शिकावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या 'असेल' या एका शब्दात त्याचं निम्मं काम आधीच झालेलं आहे.

थोडं उच्चारांबद्दल. फ्रेंच शब्द मी इथे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. 'ज्य' हा मऊ, घासून येणारा आवाज आहे. 'झ' मात्र 'झाड'मधला. 'स्वी' आणि 'आरीव्हे' यांच्यामध्ये 'झ' कुठून आला, असा प्रश्न पडेल. एरवी मुका राहणारा शेवटचा एस पुढे स्वर आला की 'झ' होऊन जागा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. 'यु' दिसेल तिथे ओठ 'ऊ'साठी गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. स्पेलिंग जिथे महत्त्वाचं आहे तिथे शेवटची अक्षरं वेगळी सांगितली आहेत, ती वहीत रोमन लिपीत लिहून घ्या. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक तिथेच.

पहिली पायरी: सहायकाचं भविष्य

या काळाचे दोन तुकडे असतात. पहिला तुकडा म्हणजे सहायक क्रियापद, आव्ह्वार ('जवळ असणे') किंवा एत्र ('असणे'), साध्या भविष्यकाळात. दुसरा तुकडा मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे आपलं 'केलेलं', 'गेलेला' हे रूप. मराठीत 'केलं' आधी आणि 'असेल' नंतर येतं. फ्रेंचमध्ये 'असेल' आधी आणि 'केलं' नंतर. बाकी बांधणी तीच.

आव्ह्वारची रूपं: ज्योरे, त्यु ओरा, इल ओरा, नू झोरों, व्हू झोरे, इल झोरों.

एत्रची रूपं: ज्य सरे, त्यु सरा, इल सरा, नू सरों, व्हू सरे, इल सरों.

मोठ्याने म्हटलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते: रूपं सहा असली तरी आवाज तीनच आहेत, 'रे', 'रा' आणि 'रों'. लिहिताना मात्र सहाही वेगळी. 'ज्योरे'च्या शेवटी ए-आय, 'व्हू झोरे'च्या शेवटी ई-झेड. 'त्यु ओरा'ला ए-एस, 'इल ओरा'ला नुसता ए. 'नू झोरों'ला ओ-एन-एस, 'इल झोरों'ला ओ-एन-टी.

हे पाठ करायला एक सोपी खूण आहे आणि ती भाषेच्या इतिहासातूनच आली आहे. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'मी गाईन' म्हणायला 'गाणे' या धातूला 'माझ्याकडे आहे' हे क्रियापद जोडत: कांतारे हाबेओ. झिजत झिजत त्याचंच फ्रेंच भविष्य झालं. म्हणून भविष्यकाळाचे सगळे प्रत्यय म्हणजे आव्ह्वारच्या वर्तमानकाळाची शेपटं आहेत: ज्ये, त्यु आ, इल आ, मग नू झाव्हों आणि व्हू झाव्हे यांचे शेवटचे तुकडे, आणि इल झों. ज्याला आव्ह्वारचा वर्तमानकाळ येतो त्याला भविष्याचे प्रत्यय वेगळे पाठ करावे लागत नाहीत. 'ओर' आणि 'सर' हे दोन धातू तेवढे लक्षात ठेवायचे.

दुसरी पायरी: झालेल्या क्रियेचं रूप

पासे कोंपोझे, म्हणजे याच दोन तुकड्यांचा भूतकाळ, शिकून झाला असेल तर या पायरीवर नवीन काही नाही, पुढे गेलात तरी चालेल.

ई-आरने संपणाऱ्या क्रियापदांचं रूप 'ए'कारान्त होतं आणि त्या ई अक्षरावर तिरकी रेघ येते: पार्ले, माँज्ये, त्राव्हाये. आय-आर गटात बहुतेकांचं 'ई'कारान्त: फिनी, श्वाझी. आर-ई गटात बहुतेकांचं 'यु'कारान्त: वाट पाहण्याचं आताँद्यु, विकण्याचं व्हाँद्यु.

अनियमित रूपांची लांबलचक यादी भिंतीवर चिकटवण्यापेक्षा रोज लागणारी आधी पक्की करावी. केलं: फे. सांगितलं: दी. लिहिलं: एक्री. घेतलं: प्री. ठेवलं: मी. पाहिलं: व्ह्यु. वाचलं: ल्यु. प्यायलं: ब्यु. मिळालं: रस्यु. उघडलं: ऊव्हेर. आणि दोन खास: आव्ह्वारचं 'यु', लिहिताना ई-यू, आणि एत्रचं 'एते'.

या शेवटच्या दोघांबद्दल एक सूचना देते, कारण वर्गात ही चूक दर वेळी कुणीतरी करतंच. एत्रचं पूर्ण भविष्य आव्ह्वारने होतं: 'ज्योरे एते'. 'ज्य सरे एते' असं काही नसतं.

तिसरी पायरी: आव्ह्वार की एत्र?

इथे थोडा वेळ काढा. मराठीत दोन्हीकडे 'असेल'च येतं, 'त्याने खाल्लं असेल', 'तो गेला असेल', म्हणून आपल्याला निवड करायची सवय नसते. पण 'असेल'च्या आधी पाहिलं तर मराठी मोठी मदत करते. तिथे 'ने' आहे का ते बघा.

वाक्य 'तो' किंवा 'ती'वर आणा ('मी' आणि 'तू'ला हल्ली 'ने' दिसत नाही) आणि साधं क्रियापद वापरा. 'त्याने' आलं की आव्ह्वार: त्याने लिहिलं असेल, इल ओरा एक्री. त्याने पाहिलं असेल, इल ओरा व्ह्यु. 'प्रवेश केला', 'प्रस्थान केलं' अशी जोडक्रियापदं मात्र या परीक्षेला चालत नाहीत, कारण 'केलं'बरोबर 'ने' येणारच. 'शिरला', 'निघाला' घ्या.

'ने' नसेल तर लगेच एत्रकडे धावू नका. तो विसरला, तो शिकला, तो बोलला, तो जेवला, तो हसला, तो धावला, यात कुठेच 'ने' नाही आणि तरी फ्रेंचमध्ये सगळीकडे आव्ह्वारच आहे. 'धावला'चं तर विशेष लक्षात ठेवा. धावणं ही हालचाल आहे म्हणून हात आपोआप एत्रकडे जातो, पण बरोबर रूप आहे 'इल ओरा कूर्यु'.

एत्र घेणारी क्रियापदं मोजकी आहेत. फ्रेंच शिकवणारे त्यांच्यासाठी फळ्यावर एक घर काढतात आणि त्याला 'ला मेझों देत्र', म्हणजे एत्रचं घर म्हणतात. मराठीत त्या घराची गोष्ट अशी सांगता येईल: माणूस जन्मला, आला, पोचला, आत शिरला, वर चढला, तिथे राहिला, खाली उतरला, वाटेत पडला, बाहेर पडला, निघाला, गेला, परत आला, घरी परतला, कुणीतरी मोठा झाला आणि शेवटी वारला. ने, व्हन्यु, आरीव्हे, आँत्रे, मोंते, रेस्ते, देसाँद्यु, तोंबे, सोर्ती, पार्ती, आले, रव्हन्यु, राँत्रे, दव्हन्यु, मोर. या गोष्टीतल्या एकालाही मराठीत 'ने' लागत नाही.

या घरातली काही क्रियापदं दोन्ही सहायक घेतात आणि तिथे मराठीइतकी स्वच्छ खूण मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. फ्रेंचमध्ये मोंते एकच आहे, आपल्याकडे मात्र 'चढणे' वेगळं आणि 'चढवणे' वेगळं.

तो वर चढला असेल: इल सरा मोंते.
त्याने बॅगा वर चढवल्या असतील: इल ओरा मोंते ले व्हालीझ.

तसंच उतरणे आणि उतरवणे. बाहेर पडणे आणि बाहेर काढणे: एल सरा सोर्ती, ती बाहेर पडली असेल. एल ओरा सोर्ती ला व्ह्वात्यूर, तिने गाडी बाहेर काढली असेल. मोंते, देसाँद्र, सोर्तीर, राँत्रे, आणि वरच्या गोष्टीत न आलेली रतूर्ने (परत जाणे) आणि पासे (जवळून जाणे) ही ती सहा क्रियापदं. मराठीत 'ने' आला की त्या सहांनाही आव्ह्वार.

एक वर्ग मात्र 'ने'च्या परीक्षेत बसत नाही: 'स' लागणारी आत्मवाचक क्रियापदं. ती सगळी एत्र घेतात, मराठीत काहीही असो. 'तिने अंघोळ केली असेल' यात 'ने' आहे, तरी फ्रेंचमध्ये 'एल स सरा लाव्हे'. उठण्याचं पूर्ण चक्र एकदा मोठ्याने म्हणून घ्या: ज्य म सरे लव्हे, त्यु त सरा लव्हे, इल स सरा लव्हे, नू नू सरों लव्हे, व्हू व्हू सरे लव्हे, इल स सरों लव्हे.

चौथी पायरी: लिंग आणि वचन

एत्र असलं की दुसरा तुकडा कर्त्याप्रमाणे बदलतो. यात मराठी माणसाला नवल वाटायचं काही कारण नाही. तो गेला असेल, ती गेली असेल, त्या गेल्या असतील. फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगाला शेवटी ई वाढतो आणि अनेकवचनाला एस. ऐकताना 'पार्ती' तेच राहतं, म्हणून लिहिताना विसर पडतो. 'मोर'चं स्त्रीलिंग मात्र कानाला कळतं: 'मोर्त'.

दोन ठिकाणी मराठीची सवय बाजूला ठेवावी लागते. मुलगे आणि मुली मिळून गेले तर आपण 'ती गेली असतील' असं नपुंसकलिंगात बोलतो. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. दहा बायकांत एक पुरुष असला तरी पुल्लिंगी अनेकवचन. दुसरं ठिकाण आदराचं. आपण एकाच बाईंना 'तुम्ही पोचलेल्या असाल' म्हणतो, सगळंच अनेकवचनी. फ्रेंचमध्ये 'व्हू सरे'पुरतं अनेकवचन आहे. त्यापुढचं 'आरीव्हे' मात्र एकाच बाईचं, म्हणजे शेवटी ई-ई, पण एस नाही. पत्रात ही चूक झाली तर वाचणाऱ्याला वाटतं की एका बाईऐवजी दोघी-तिघींना उद्देशून लिहिलंय.

आव्ह्वार असलं की रूप कर्त्याप्रमाणे कधीच बदलत नाही. 'एल ओरा एक्री', 'इल झोरों एक्री', 'एक्री' तसंच. पण कर्म जर क्रियापदाच्या आधी येऊन बसलं असेल तर रूप त्या कर्माप्रमाणे बदलतं. हा नियम ऐकून इतरभाषक विद्यार्थी गोंधळतात. आपण गोंधळायचं कारण नाही, कारण कर्माप्रमाणे क्रियापद बदलणं हे आपलं रोजचं बोलणं आहे: मी निबंध लिहिला असेल, मी चिठ्ठी लिहिली असेल, मी पत्रं लिहिली असतील. फरक एवढाच की मराठीत कर्म कुठेही असलं तरी चालतं आणि फ्रेंचला ते आधी असावं लागतं.

ज्योरे एक्री ला लेत्र: मी पत्र लिहिलं असेल. कर्म नंतर आलं, बदल नाही.
ला लेत्र क ज्योरे एक्रीत: मी लिहिलेलं असेल ते पत्र. कर्म आधी आलं. लेत्र स्त्रीलिंगी म्हणून ई वाढला आणि मुका 'त' बोलायला लागला.

'प्री'चं 'प्रीझ', 'मी'चं 'मीझ', 'फे'चं 'फेत', 'ऊव्हेर'चं 'ऊव्हेर्त' असंच होतं. आत्मवाचकांतही हाच विचार लागू पडतो: 'एल स सरा लाव्हे ले मँ', तिने हात धुतले असतील. धुतले ते हात, आणि हात नंतर आले, म्हणून इथे ई वाढवायचा नाही.

पाचवी पायरी: छोटे शब्द कुठे बसतात

नकार सहायकाला दोन्ही बाजूंनी धरतो: ज्य नोरे पा फिनी. 'देज्या', 'आधीच', दोन तुकड्यांच्या मध्ये: ल त्रँ सरा देज्या पार्ती, गाडी आधीच सुटलेली असेल. सर्वनाम सहायकाच्या आधी: ज्य लोरे ल्यु, मी ते वाचलेलं असेल. प्रश्न उलटा करून विचारताना मध्ये 'त' येतो: ओरा-तिल फिनी? त्याचं संपलेलं असेल का?

आता वापर: 'की', 'तर', 'असेल', 'असतं'

रूपं आठवड्याभरात येतात. हा काळ नेमका कुठे वापरायचा, हे अंगवळणी पडायला त्याहून बराच वेळ लागतो. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या बी १ पातळीला बसणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तक्ते कमी लिहा, पुढची मराठी वाक्यं जास्त उतरवा.

सगळ्यात सरळ वापर मुदतीचा. अमुक वेळेपर्यंत काम झालेलं असेल. दीसी व्हाँद्रदी, ज्योरे फिनी स लीव्र: शुक्रवारपर्यंत मी हे पुस्तक संपवलेलं असेल. 'दीसी' म्हणजे 'आजपासून अमुक वेळेपर्यंत'. हा शब्द दिसला की पुढे बहुधा हाच काळ येतो.

दुसरा वापर 'की'चा, जिथे माझी मेल चुकली. मराठीत दोन भविष्यातल्या गोष्टी एकीपाठोपाठ एक होणार असल्या तर पहिली आपण भूतकाळाच्या रूपात सांगतो: जेवलास की निघू. व्हिसा मिळाला की तिकीट काढते. फ्रेंचमध्ये पहिल्या गोष्टीला फ्युत्यूर आँतेरियर आणि दुसरीला साधं भविष्य, फ्युत्यूर सँप्ल.

दे क त्यु ओरा माँज्ये, नू पार्तीरों.
यून फ्वा क ज्योरे रस्यु मों व्हीझा, ज्याशेत्रे ल बिये.

'काँ' आणि 'लोर्स्क' म्हणजे 'तेव्हा' किंवा 'की', 'दे क' आणि 'ओसितो क' म्हणजे 'की लगेच', 'यून फ्वा क' म्हणजे 'एकदा का'. मराठीत वाक्य उच्चारून बघा. 'येशील तेव्हा बोलू' असं म्हणालात तर दोन्हीकडे साधं भविष्य पुरे, कारण येणं आणि बोलणं एकाच वेळचं आहे. 'तुझं वाचून झालं की मला दे' म्हणालात तर पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. तिथे फ्युत्यूर आँतेरियर हवाच. पोचणे, येणे अशा क्षणात संपणाऱ्या क्रियांना फ्रेंच लोक साधं भविष्यही वापरतात, 'काँ त्यु आरीव्हरा', आणि तेही बरोबर आहे. भूतकाळ मात्र कधीच नाही.

आईच्या तोंडचं एक वाक्यही याच घराण्यातलं. 'अभ्यास झाल्याशिवाय बाहेर जायचं नाही.' ताँ क त्यु नोरा पा फिनी, त्यु न सोर्तीरा पा. 'ताँ क' म्हणजे 'जोवर'. जोवर संपवलेलं नसशील तोवर.

आता 'तर'. पुष्कळ जण 'की' नीट शिकतात आणि मग तोच नियम 'तर'लाही लावतात. 'सी' म्हणजे 'जर'. या 'सी'च्या लगेच पुढे भविष्यकाळाचं कुठलंही रूप येत नाही, हा काळही नाही. बहुतेक वेळा साधा वर्तमानकाळ पुरतो. काम पुरं झालेलं असण्यावर भर असेल तर पासे कोंपोझे: सी त्यु आ फिनी आव्हाँ मिदी, ओं नीरा ओ सिनेमा. 'दुपारी बाराच्या आत तू संपवलंस तर सिनेमाला जाऊ.' म्हणजे 'तर' असेल तिथे मराठीतला भूतकाळ फ्रेंचमध्येही चालून जातो आणि 'की' असेल तिथे चालत नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढं एकच लिहून ठेवलंत तरी निम्म्या चुका टळतील.

तिसरा वापर अंदाजाचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. मित्र आठ वाजता येणार होता, साडेआठ झाले, आला नाही. आपण म्हणतो, 'विसरला असेल'. यात भविष्य काही नाही, झालेल्या गोष्टीबद्दलचा तर्क आहे. फ्रेंच माणूस म्हणतो, 'इल ओरा ऊब्लिये'. रूपही तेच, भावही तोच, मध्ये एक अक्षर बदलावं लागत नाही. तिची बस चुकली असेल: एल ओरा माँके ल ब्यूस. रोजच्या बोलण्यात 'इल आ द्यु ऊब्लिये' हे जास्त ऐकू येतं, पण लेखनात आणि जरा नीटस बोलण्यात हे रूप भेटतं. एरवी परक्या भाषेत तर्क करताना जीभ अडखळते. इथे आपल्याला घरच्यासारखं वाटतं.

चौथी गोष्ट वापराची नव्हे, सावध करण्याची. 'ज्योरे फिनी' मधल्या ए-आयपुढे एक एस आला की काळच बदलतो. एस नसेल तर 'मी संपवलं असेल'. एस असेल तर 'मी संपवलं असतं', म्हणजे कोंदिस्योनेल पासे. बोलताना पुष्कळ फ्रेंच लोकांच्याही उच्चारात हा फरक राहत नाही. 'ज्य'चं वाक्य लिहिताना मनात मराठी म्हणून बघा. 'असेन', 'असेल', 'असतील' आलं तर एस नाही. 'असतं', 'असता', 'असती' आलं तर एस.

वर्तमानपत्रं वाचायला लागलात की आणखी एक वापर दिसेल: संपलेल्या गोष्टीकडे मागे वळून तिचा लेखाजोखा मांडणं. सिमोन व्हेय यांनी फ्रान्सच्या आरोग्यमंत्री असताना गर्भपाताला मान्यता देणारा कायदा संसदेत लढवून मंजूर करून घेतला, १९७५ साली तो लागू झाला. २०१७ मध्ये त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाँतेओंमध्ये, देशातल्या थोरांच्या समाधिस्थळात, त्यांना जागा मिळाली. त्यांच्याविषयी असं लिहिता येतं: सिमोन व्हेय ओरा शाँज्ये ला व्ही दे फाम. शब्दशः 'बदललं असेल' असं दिसतं, पण शंका मुळीच नाही. 'त्यांनी बायकांचं आयुष्य बदलून टाकलं' असं ठामपणे, सगळ्या आयुष्याचा हिशेब करून सांगितलेलं आहे. इथे मात्र 'असेल' लावून भाषांतर केलंत तर अर्थ उलटा होईल.

आणि दोन तयार वाक्यं, जशीच्या तशी उचलावी अशी. ओं नोरा तू व्ह्यु! म्हणजे आपलं 'आता एवढंच बघायचं राहिलं होतं!' त्यु लोरा व्हूल्यु! म्हणजे 'तूच ओढवून घेतलंस!'

करून बघा

उत्तर झाकून ठेवा, आधी स्वतः लिहा.

उद्या रात्री १० वाजता आम्ही निघालेलो असू. 'निघालो'ला 'ने' नाही, घराच्या गोष्टीत आहे, म्हणून एत्र: दमँ, आ दी झर द्यु स्वार, नू सरों पार्ती. शेवटी एस विसरू नका. सगळ्या बायकाच असाल तर ई आणि एस दोन्ही.

ती झोपी गेली असेल. झोप लागणं फ्रेंचमध्ये आत्मवाचक आहे: एल स सरा आँदोर्मी, शेवटी ई. 'एल ओरा दोर्मी' म्हणालात तर अर्थ होतो 'तिची झोप झाली असेल'. दोन्ही वाक्यं बरोबर, सांगणं वेगळं.

तुझं वाचून झालं की पुस्तक मला दे: काँ त्यु ओरा ल्यु ल लीव्र, दोन-ल-म्वा. दुसऱ्या भागात आज्ञार्थ आला तरी पहिला भाग तसाच राहतो.

त्या मुलींनी सामान खाली उतरवलं असेल. 'ने' आहे, 'उतरवणे' आहे, म्हणून आव्ह्वार: एल झोरों देसाँद्यु ले बागाज्. कर्म नंतर आलं, 'देसाँद्यु' कोरडंच राहील.

गाडी उशिरा सुटली तर मी उशिरा पोचेन. 'तर' आलं, थांबा: सी ल त्रँ पार आँ रतार, ज्यारीव्हरे आँ रतार. पहिल्या भागात साधा वर्तमान, दुसऱ्यात साधं भविष्य, आणि आपल्या काळाचं इथे काही काम नाही.

त्या उन्हाळ्यात मी ल्योंच्या पार-द्यो स्टेशनवर उतरले, बॅगा भिंतीशी लावल्या आणि बाईंना फोन केला. पलीकडून 'आलो' ऐकू आलं. चार दिवस मी ज्याची उजळणी करत होते ते 'सरे' आता लागत नव्हतं. मी म्हटलं, 'मादाम, ज्य स्वी झारीव्हे.'